पाय वाढवून आल्यावर

९ नोव्हेंबर

आत्याकडे, निर्मळला. विरारचा आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून इथं. बाबा आणि टॅक्सीवाला, दोघांनी मला खुर्चीसकट उचलून पडवीत आणलं. कपाट आत घेतात तसं. आधी तिरकं, मग सरळ, "भिंतीला लागेल, सांभाळा."

खाट आतोबांची. माडावरून पडल्यावर ते शेवटपर्यंत याच खाटेवर होते. उंच माणूस, खाटही तशीच लांब. माझे पाय आरामात मावतात.

आत्या म्हणाली, "गादी नवी आहे. खाट तीच."

प्रवासाचं लिहायला पाहिजे पण जीव नाही. इस्तंबूलच्या विमानतळावर माझी खुर्ची ढकलणारा माणूस सगळा वेळ फोनवर भांडत होता. मला चुकीच्या गेटवर नेलं, तिथून परत फिरवलं, भांडण चालूच. बायको असेल. किंवा आई. शेवटी "तमाम, तमाम", म्हणजे बरं बरं, म्हणाला आणि फोन ठेवला. मला बरं वाटलं, मिटलं म्हणून. माझा काय संबंध.

उजवा पाय जास्त ठणकतोय. झोपतो.

१० नोव्हेंबर

हे एकदा लिहून टाकतो, नाहीतर पुढे माझाच गोंधळ होईल.

ऑपरेशन झाल्यावर मी तिथून पहिला फोन आत्याला केला होता. बाबांशी तेव्हा बोलणं बंद होतं. म्हटलं, "आत्या, मी पाय वाढवलेत." पलीकडून, "दोन्ही?" मी म्हटलं हो, दोन्ही. "अरे देवा. कसे वाढवलेस रे बारक्या?" आणि रडायलाच लागली. मला कळेना, एवढं रडण्यासारखं काय. मग फोन कट.

डोक्यात प्रकाश पडायला संध्याकाळ झाली. आत्याच्या घरात काही फुटत नाही. नारळ वाढवतात, बांगडी वाढते, ते सगळ्यांकडेच. हिच्याकडे कपबशी वाढते. मिक्सरचं भांडं वाढतं. डब्यातले तांदूळ संपत नाहीत, तेही वाढतात. आतोबा पडल्यापासून तुटणं, फुटणं, संपणं हे शब्द घरातून हद्दपार. तर तिला वाटलं, पोराचे पाय मोडलेत आणि शहाण्यासारखा चांगल्या शब्दात सांगतोय.

दुसऱ्या दिवशी फोन लागला तोवर बाबा, आई, आख्खी आळी, सगळ्यांना कळलेलं. परदेशात अपघात. बाबा इतक्या महिन्यांनी बोलले, "काळजी करू नकोस, ये तू."

आणि मोडले होतेच की. डॉक्टरने नडगीची हाडं मधोमध तोडली, भूल देऊन, माझी सही घेऊन. मग बाहेरून कड्या लावल्या आणि रोज पान्याने नट फिरवायचा, थोडा थोडा, हाड ताणत न्यायचं. पुरेसं ताणल्यावर कड्या काढल्या, आत सळई ठेवली. तोडूनच वाढवतात. आत्याचा अर्थ पण खरा, माझा पण.

मी खोटं बोललो नाही. फक्त तिला थांबवलं नाही.

१२ नोव्हेंबर

फिजिओ आली. रोझलीन, गास गावची, स्कूटीवरून येते. आत्याच्या ओळखीची, आतोबांनाही शेवटी शेवटी तीच करायची. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल.

नडग्या बघितल्या. एक्स-रे खिडकीकडे धरला. मग स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून हळू आवाजात, "हा ॲक्सिडेंट नाहीये."

"नाही."

"किती केलं?"

"सहा सेंटीमीटर."

"हाइटसाठी?"

"हो."

"आणि काकींना काय सांगितलंस?"

मी फोनचं सांगितलं. ती इतकी हसली की खाटेच्या कडेला बसली. आत्या आतून विचारते, काय झालं गं. "काही नाही काकी, ह्याला गुदगुल्या होतात." मग हसणं थांबलं. खाटेच्या लाकडावर हात ठेवून म्हणाली, "काकींनी ह्या खाटेपाशी काय काढलंय तुला माहितीये का? तू होतास कुठे तेव्हा?"

मी तेव्हा कसोलला होतो. हॉस्टेलात चादरी बदलत.

मग तिने माझं पाऊल धरून वर ओढलं. पोटरी अशी ताणली की डोळ्यांसमोर काजवे. हाड वाढलं पण मागचा स्नायू तेवढाच राहिला, त्यामुळे टाच टेकत नाही, पंज्यावर उभा राहतो बाहुलीसारखा. रोज ओढायचं.

जाताना म्हणाली, "आता झोपलायस म्हणून ठीक. मी तुला उभा करणार. मग काय करशील, वाकून चालशील?"

हाच लोचा आहे. बरा झालो की सगळ्यांना दिसणार. आत्याला आधी.

१६ नोव्हेंबर

जत्रा लागली. खाटेवरून पाळण्याचा वरचा अर्धा भाग दिसतो. पोरं वर येतात, किंचाळतात, खाली जातात. मी बघत बसतो. दरवर्षी मी भटकत कुठेतरी असतो आणि जत्रेला यायला जमत नाही. यंदा जत्रेपासून चालत पाच मिनिटांवर आणि जमत नाही.

जत्रेला आलेले सगळे मला बघून जातात. प्रत्येक जण सुकेळी आणतो, इथली वाळवलेली केळी. उशाशी सुकेळ्यांचा ढीग. आधी आवडली, आता वास नको वाटतो.

अपघात मला काही सांगावाच लागत नाही. लोक आपापला घेऊन येतात. समोरचे काका म्हणाले, "तिकडे गाड्या उलट्या बाजूने. आपला माणूस सवयीने उजवीकडे बघून रस्त्यात उतरतो, आणि येते ती डावीकडून." दुपारी एक बाई म्हणाल्या, टॅक्सी होती ना. संध्याकाळपर्यंत ट्राम झाली. आत्याने पण मान हलवली, "ट्रामच. रुळावरून येते, तिला वळता कुठं येतं."

मी म्हटलं, "आत्या, मी कधी म्हटलं ट्राम?"

"तू काय म्हणणार. तू तर तो शब्द पण तोंडातून काढला नाहीस."



२२ नोव्हेंबर

रो. ने विचारलं, कशासाठी केलंस. मुलगी होती का. सगळ्यांना वाटतं मुलगी असते. नव्हती. म्हणजे होती, पण तिने काही म्हटलं नव्हतं.

पावसाळ्यात मी चिंचोटीच्या धबधब्याला ग्रुप न्यायचो. कामणच्या फाट्यावर सगळे जमायचे, मी शिट्टी वाजवायचो, आणि लोक माझ्या डोक्यावरून मागे बघायचे. "लीडर कुठाय?" दर रविवारी. मी हात वर करायचो. ते हसायचे, मी पण. एकदा ऑफिसवाल्यांचा ग्रुप होता, त्यातल्या एकाने माझ्या डोक्यावर कोपर टेकवून फोटो काढला. धबधबा मागे, मध्ये मी, कठड्यासारखा. परतताना त्यालाच चमक भरली, अर्धी वाट मी त्याची सॅक वाहिली. चांगला होता तसा. अजून सणाला मेसेज करतो.

त्याच्यामुळे गेलो असं काही नाही. पण फोटो आहे अजून माझ्याकडे.

मग परदेशात, बातुमीला हॉटेलात लागलो, समुद्राकाठी. तिथे वाळू नाही, नुसते गोल दगड. चपलेशिवाय चालता येत नाही, लाट मागे गेली की दगड खडखड वाजतात, शेंगदाणे भाजल्यासारखे. तिथे एका पाहुण्याने सांगितलं की बॉर्डरपलीकडे, इस्तंबूलला, उंची वाढवून देतात. हसण्यावारी नेलं. मग रोज तेच डोक्यात. साठवलेलं सगळं त्यात घातलं.

रो. ला एवढं सगळं नाही सांगितलं. म्हटलं, "असंच."

ती म्हणाली, "असंच लोक केस कापतात."

३० नोव्हेंबर

बाबा आले. विरारला एक्स-रे काढायला रिक्षाने. रिक्षात मी मागे आडवा, पाय बाबांच्या मांडीवर. खड्ड्यांत बाबा दोन्ही नडग्या हातांनी दाबून धरायचे, हलू नयेत म्हणून. डिव्हायडरपाशी थांबलो तेव्हा, माझ्या पावलाकडे बघत म्हणाले: "तुझी आजी म्हणायची, अगदी बापाचे पाय घेऊन आलायस. बोटं बघ. अंगठ्याशेजारचं लांब."

बाबा माझ्याएवढेच. म्हणजे माझ्या आधीच्या उंचीएवढे. मी तोंड रस्त्याकडे केलं.

एक्स-रेत डाव्या हाडाच्या मधे पांढुरका ढग आहे. म्हणजे भरतंय. उजव्यात काळं. बाबांनी फिल्म उलटी धरली होती, मी सरळ करून दिली. "इथं हाडच नाही?" "येईल." "कुठून?" "आपोआप येतं." बाबांनी मान हलवली, बँकेतल्या माणसाने सांगितलेलं न कळता हलवतात तशी.

परत आल्यावर आत्या त्यांना सांगत होती, "आपलं घराणं ठेंगणं, पण पाय घट्ट. भरून येईल."

बाबा चहा न घेता गेले. बस होती म्हणे.

३ डिसेंबर

काही नाही. दुखतंय. बसून पाठ दुखते, झोपून कंबर.

९ डिसेंबर

खुर्चीत बसता यायला लागल्यापासून आत्या मला लुंगी नेसू देत नाही. "घरात बायाबापड्या येतात. पँट घाल." जुनी पँट घातली. घोट्याच्या वर. दोन्ही. मी पाय खुर्चीखाली ओढले, पण ओढले तरी लपणार किती.

आत्याने बघितलं. "आटली वाटतं." मी म्हटलं, तिकडचं पाणी जड असतं. तिने पँट मागून घेतली, चष्मा लावला आणि खालची दुमड उसवायला बसली. शिलाई मशिनचा नट सैल झाला होता. माझ्या बॅगेत काल तिला तो पाना सापडला होता, नट फिरवायचा, दिवसाकाठी चारदा मी ज्याने स्वतःला ताणायचो तो. तो तिने लावून बघितला. फिट्ट बसला.

"कसला आहे रे हा?"

"असाच."

"चांगला आहे. मशिनच्या खणात ठेवते."

पँट कडेपर्यंत सोडली तिने, जेवढं सोडता येईल तेवढं. एकसारखं. घालून बघायला सांगितलं. बसल्याबसल्या बरोबर घोट्यावर आली. दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "आता पुन्हा नको आटवूस. ह्याच्यापुढे कापड नाही."

मशिन बंद करून कागड्याच्या कळ्या गजऱ्यासाठी ओवायला बसली. हिवाळा असला की तिच्या मांडीवर कायम कळ्या असतात. बोलणं, टीव्ही, भांडण, काहीही चालू असो, सुई चालू.

तिला काय वाटलं असेल, हे मी दिवसभर शोधतोय. पाण्याने पँट आटते, पण आटली की घेरात पण आटते ना.

१८ डिसेंबर

आत्या आगाशीच्या बाजाराला गेली. रो. म्हणाली, "चल, तेवढ्यात."

वॉकर. तिने कमरेला पट्टा बांधून मागून धरलं. इस्तंबूलला उभा राहायचो, पण तिथे सगळ्यांचे पाय तसेच, कुणाला काय. इथं पहिल्यांदा. उभा राहिलो आणि समोर फ्रिज. फ्रिजचा वरचा भाग दिसला. लहानपणापासून या फ्रिजसमोर उभा राहिलोय, वर काय असतं कधी बघितलंच नव्हतं. धूळ, एक संपलेलं कॅलेंडर गुंडाळी करून, आतोबांचा चष्मा. केवढं वाटायला पाहिजे होतं. मला फक्त घाम आला.

"कसं वाटतंय लंबू?"

"धूळ आहे."

डा. टाच टेकली. उ. नाही. दोन बोटं मावतील एवढं अंतर. रो. खाली वाकून बोटं घालून बघत होती. मी तोल सांभाळायला फ्रिजवर हात टेकला.

संध्याकाळी आत्या भाजी आत ठेवता ठेवता थांबली. "फ्रिजवर कुणी हात लावला?" धुळीत पाच बोटं स्पष्ट. मी म्हटलं, "रोझलीन असेल."

"हं," म्हणाली. फडक्याने सगळं पुसलं. त्यासाठी स्टूल घेतलं.

रो. आत्यापेक्षा बुटकी आहे. हे मी बोलून गेल्यावर लक्षात आलं. आणि मी जे बोललो ते मात्र खोटं. सरळ, तोंडाने बोललेलं. पहिलं.

२६ डिसेंबर

काल नाताळ, रो. ची सुट्टी. आज केक आणि नेवऱ्या, म्हणजे त्यांच्या करंज्या, घेऊन आली. आत्याला गळ्यात पडून भेटली. मला म्हणाली, "माझ्या मम्मीने चर्चमध्ये मिस्साला तुझ्यासाठी प्रार्थना केली. परदेशात अपघातात सापडलेल्या मुलासाठी. आता मी देवाला सांगू का, पत्ता चुकला म्हणून?"

"तू सांगितलंस का कुणाला?"

"मी कशाला सांगू. पाय तुझे." मग पट्टा ओढत, "पण मला ह्या घरात चोरासारखं काम करायला आवडत नाही. काकी बाजारात गेल्या की पेशंट उभा करायचा, आल्या की झोपवायचा. हे काय फिजिओ आहे?"

"थोडे दिवस."

"काकांच्या वेळी पण, ह्याच खाटेपाशी, हेच ऐकलं मी. वेगळ्या कारणाने."

नेवऱ्या चांगल्या होत्या. तीन खाल्ल्या. मग पडून राहिलो. ह्या खिडकीतून केळीची एक ओळ दिसते, घडांच्या वजनाने झुकलेल्या सगळ्या, आणि प्रत्येकीला बांबूचा टेकू. एक टेकू वाकडा लागलाय. रोज वाटतं कुणीतरी नीट करा. मीच उठून केला असता.

११ जानेवारी

पुन्हा एक्स-रे. बाबांसोबत, पुन्हा तसेच पाय मांडीवर. डावं छान. उजव्यात ढग आलाय पण पातळ, मधे फट.

फोटो तिकडे, इस्तंबूलच्या हॉस्पिटलला पाठवला. तिकडच्या ऑफिसातल्या बाईचा आवाजी मेसेज आला. गोड आवाज. उजवं हाड नाही भरलं तर कमरेचं थोडं हाड काढून तिथं घालावं लागेल. "बी पेशंट, माय डिअर." पेशंट तर आहेच की.

परत जायचं? कुठल्या पैशांवर? आणि पुन्हा तेच, पुन्हा ताणून पडायचं? मी मेसेज स्पीकरवर ऐकला, चूक झाली. आत्याला इंग्रजी कळत नाही पण माझं तोंड कळतं. "काय म्हणते?"

"उजवं भरलं नाही."

"भरेल."

दुपारी देवळातून एक नारळ घेऊन आली. लाल फडक्यात बांधलेला. पडवीत दाराच्या वर आतोबांचा खिळा आहे, त्यांच्या हाताला येईल असा त्यांनीच ठोकलेला. ते त्यावर कोयती अडकवायचे. त्यांच्यानंतर तिथे कुणाचा हात पोचत नाही. स्टुलावर चढून तिने नारळ खिळ्याला टांगला.

"नवस बोललेय. दोन्ही पायांवर उभा राहिलास की तूच वाढवायचा. ह्या उंबऱ्यावर."

२० जानेवारी

आज आत्या स्वतःहून बोलली. नेहमी आतोबांबद्दल फक्त वस्तू सांगते, त्यांचा चष्मा, त्यांची कोयती.

कळ्या ओवत होती. म्हणाली, "ते रोज सकाळी विचारायचे, आज उभा करशील? मी म्हणायची, उद्या. आधी डॉक्टरनेच सांगितलेलं, उद्या उद्या करत थांबा. मग डॉक्टरने सांगितलं आता नाही जमणार, तरी मी म्हणायची, उद्या. त्यांना माहीत होतं. तरी विचारायचे. मला पण माहीत होतं की त्यांना माहीत आहे."

"मग का विचारायचे?"

"सकाळी काहीतरी बोलायला पाहिजे ना माणसाला."

सुई थांबली होती. मी पहिल्यांदा बघितली थांबलेली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "पाय असे सहज मिळत नाहीत बारक्या. कुणाचेच."

मी तोंड उघडलं. सगळं तयार होतं, पहिलं वाक्य पण, "आत्या, ट्राम वगैरे काही नव्हती." आणि पाणी मागितलं.

तिने आणून दिलं. मी प्यायलो. तहान नव्हती.

ज्या माणसाला उभं राहायचं होतं तो ह्या खाटेवर रोज विचारत राहिला. आणि धड चालत असलेला मी, पाय मोडून घ्यायला रांगेत नंबर लावून उभा. हे तिला कोणत्या शब्दांत सांगणार? तिच्या घरात असे शब्दच नाहीत.

२ फेब्रुवारी

भटकण्याची लहर आली. सकाळी स्कूटरवरून फुलांची पोती जाताना दिसली आणि वाटलं, मागे बसावं, जाईल तिथे जावं. पूर्वी असं वाटलं की संध्याकाळपर्यंत मी गेलेलोच असायचो. सॅक भरायला दहा मिनिटं. आता संडासपर्यंत जायला तेवढी लागतात.

रो. म्हणते बरंच सुधारलंय. मला फक्त कंटाळा सुधारलेला दिसतो. मेसेज येतात, मनालीवरून, कुठून कुठून, "कधी येतोस भाई?" उत्तर देत नाही. बारक्या म्हणून ओळखणारे सगळे. दिसलो की काय म्हणतील ते पण ठरवून ठेवलं होतं मी तिकडे असताना. कुणाला काय उत्तर द्यायचं, कसं हसायचं. आता त्यातलं एक आठवत नाही.

८ फेब्रुवारी

उ. टाच टेकली.

रो. ने खाली कागद सरकवून बघितला. सरकला नाही. तिने तो ओढला तर फाटला. फाटका कागद मला दाखवला. मग आत जाऊन चूळ भरून आली. डोळे लाल.

"हाड?"

"हाडाचं एक्स-रे सांगेल. टाच मी सांगते. टाच आली."

आत्या घरातच होती. आज आम्ही बाजाराची वाट बघितली नाही. रो. ने विचारलंच नाही मला. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात परात. मी वॉकरवर, तिच्यापेक्षा केवढा तरी वर. पूर्वी आमचे डोळे एका रेषेत यायचे. तिने माझ्या पायांकडे बघितलं, टाचांकडे. मग वर. चेहऱ्यापाशी यायला तिला मान थोडी जास्त उचलावी लागली. तेवढं मी बघितलं.

"उभा राहिला," एवढंच म्हणाली. परात आत ठेवायला गेली ती बराच वेळ आतच.

१२ फेब्रुवारी

एक्स-रे. उजवा ढग दाट झालाय, पण फट अजून एका बाजूला आहे. तिकडची बाई म्हणते अजून महिनाभर बघू, मग कमरेचं ठरवू. म्हणजे अजून काहीच नाही ठरलं. बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "लागलं तर मी येईन तुझ्यासोबत तिकडे." पासपोर्ट नाही त्यांच्याकडे. कधी काढलाच नाही. "काढीन," म्हणाले.

१४ फेब्रुवारी

हे पडवीत बसून लिहितोय.

सकाळी आत्याने अंगण सारवल्यासारखं पुसून घेतलं, उंबऱ्यावर पाण्याचा हात फिरवला. मग मला म्हणाली, "ये." वॉकर घेऊन दारापर्यंत गेलो. तिने वॉकर बाजूला केला, स्वतःचा खांदा दिला. खांदा पूर्वीपेक्षा खाली लागला.

"काढ तो नारळ."

मला वाटलं स्टूल आणेल. स्टूल आतच होतं. ती हललीच नाही, समोर बघत उभी. मी एक हात वर केला. खिळा बोटांना लागला. गाठ सोडवायला वेळ लागला, टाच उचलावी लागली, दोन्ही पोटऱ्या थरथरत होत्या. पण आला. फडक्यासकट हातात.

आतोबांच्या खिळ्याला आमच्या घराण्यातला हात पोचला. ते तिने बघितलं. मी बघितलं की तिने बघितलं.

मी उंबऱ्यावर वाकायला लागलो, तर तिने नारळावर हात ठेवला.

"थांब. तू फोनवर काय म्हणाला होतास, पहिल्यांदा?"

"पाय वाढवलेत म्हणालो होतो."

"हं. मी माझ्या डोक्याने ऐकलं." मला खुर्चीत बसवलं. नारळ माझ्या मांडीवर ठेवला. "आता तुझ्या डोक्याने सांग. पहिल्यापासून. मग वाढव."

"तुला कधी कळलं?"

"मला काय कळलंय ते मी बघेन. तू सांग."

"ऐकवणार नाही तुला."

"ह्या पडवीत मी ऐकलं नाही असं काही राहिलेलं नाही."

मग म्हणाली घाई नाही. आत जाऊन नारळाच्या पाण्यासाठी वाटी घेऊन आली, ती समोर ठेवली, आणि कळ्यांचं सूप मांडीवर घेऊन बसली. बसलीय. मी म्हटलं, दोन ओळी लिहून घेतो आधी. ती म्हणाली, "लिही."

तेच लिहितोय. वाटी रिकामी आहे. नारळ मांडीवर जड लागतोय, उजव्या बाजूला जास्त. रो. ची स्कूटी अजून आली नाही. समोरचे काका कुंपणापाशी आलेत, "काय, आज नवस फेडताय वाटतं?" आत्या मान वर न करता म्हणाली, "बघू. अजून वेळ आहे."

पान भरत आलं. सुई चालू आहे. मधूनच थांबते, मी लिहायचा थांबतोय का बघायला, आणि पुन्हा चालू.